बसशील

"बसशील म्हणजे नेमकं काय, आजा?"

डोंगर चढून आल्या आल्या हिंदुराव खोचऱ्यांनी हेच विचारलं. पाया पडायचं त्यांना मागाहून सुचलं. मग पडले, पण घाईघाईनं, अर्धवट वाकून.

मायाप्पा आजा देवळापुढच्या लिंबाखाली घोंगडं टाकून बसले होते. हातात चाती होती. लोकर ओढायची, चाती फिरवून पीळ द्यायचा, सूत गुंडाळायचं... पोरवयापासून त्यांचे हात हेच करत आले होते. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, अशी त्यांची बसायची रीत. पण आज तोंडही उघडेना.

"आजा, मी काय विचारतोय?"

"आयकलं."

"मग?"

"काय म्हनलास? बसशील?"

"मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणाला होता. मला. जत्रेच्या दिवशी, ह्याच लिंबाखाली."

"कवा?"

"आमचे दौलतदादा पंचायत समितीला उभे राहिले, त्या साली."

आजांनी चाती थांबवली. जरा आठवून बघितलं. पुन्हा फिरवली.

"आसंल," ते म्हणाले.

हे ऐकून हिंदुरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या एका शब्दावर माणसानं उभा जन्म काढला, तो शब्द बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसावा... पण आजांवर चिडायचं तरी कसं? राग गिळून ते तसेच उभे राहिले.

आता हे आजा म्हणजे कोण, ते सांगितलं पाहिजे. दरसाल जत्रेत भंडारा उधळून झाला, देवळाचा डोंगर हळदीनं पिवळा झाला, की आजा पुढच्या मोठ्या दगडावर चढत आणि भाकणूक सांगत. पावसाची एक, पिकाची एक आणि राजाची एक. राजा म्हणजे कोण, दिल्लीतला, मुंबईतला की साखर कारखान्यातला, ते कधी सांगितलं नाही. बोलायचं, दगडावरून उतरायचं आणि भाकरी खायला बसायचं, एवढंच त्यांचं काम. अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

आणि अर्थ लावण्यात हिंदुरावांचा हात धरील असा गडी पंचक्रोशीत नव्हता. ते स्वतःला आजांचे पट्टशिष्य म्हणवत. आजांनी त्यांना शिष्य केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण नको म्हटल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हा चाललं होतं.

एका साली आजा म्हणाले होते, "दोन दाढंत एक सुपारी." तेव्हा कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. पुढं दोन पक्षांचं मिळून सरकार आलं, आणि वर्ष सरायच्या आत दोघं एकमेकांना चावायला लागले. झालं. हिंदुरावांनी हॉटेलातल्या बाकड्यावर मांडी ठोकली.

"मी म्हणत नव्हतो?"

खरं म्हणजे ते तसं काहीच म्हणत नव्हते. सुपारी महागणार, असं म्हणाले होते. चार घरी सांगूनही आले होते. पण निकालाच्या गडबडीत ते कोण ध्यानात ठेवतंय.

दुसऱ्या एका साली आजा बोलले, "पोटातलं पाठीत जाईल." पुढं कारखान्याच्या चेअरमनला त्याच्याच सख्ख्या भाच्यानं पाडलं. पोटाशी धरलेलं पोरगं पाठीत सुरा खुपसून गेलं, दुसरा काय अर्थ? हिंदुरावांनी तो फोडून सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

"पांढऱ्याचं तांबडं हुईल" ह्याला मात्र फार दिवस अर्थ मिळेना. कुणी म्हणालं, टोपीवाल्यांचं राज्य जाणार. कुणी म्हणालं, शाळवावर तांबेरा पडणार. टोपीही राहिली आणि शाळूही राहिला. शेवटी गावच्या शाळेला तांबडा रंग दिला होता, त्यावर हिंदुरावांनी भागवलं.

"अहो हिंदुराव," हॉटेलवाला एकदा म्हणाला होता, "बैल गेला आणि झोपा केला, त्यातली तऱ्हा ही. झालेलं भाकीत सांगायला काय अक्कल लागते?"

"मग न झालेलं कुणी सांगितलंय, ते दाखव," हिंदुराव म्हणाले.

हॉटेलवाला दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला. पण दोघांनाही मनातून वाटलं, की आपण काहीतरी चुकीचं बोललो.

असं सगळ्या भाकणुकींचं जमलं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. आजांनी स्वतः हिंदुरावांना, एकट्याला, समोरासमोर सांगितलेल्या त्या एका शब्दापाशी.

त्याची हकीगत अशी. दौलतराव थोरले, हिंदुराव धाकटे. राम-लक्ष्मणाची जोडी म्हणून लोक बोट दाखवत. दौलतरावांना पंचायत समितीचं तिकीट मिळालं, तेव्हा धाकट्यानं गावोगाव सायकल मारून वातावरण तापवलं. भावासाठी घसा बसवून घेतला. आणि लोक त्याचं बोलणं ऐकायचे, माना डोलवायचे. मग मनात एक किडा वळवळला. बोलतो आपण, ऐकतात आपलं, आणि निवडून येणार दादा?

त्याच दिवसांत जत्रा आली. भाकणूक झाली, माणूस पांगला. हिंदुराव एकटेच लिंबाखाली आजांपुढं गेले. ऊन रणरणत होतं. उभ्या उभ्याच त्यांनी हळूच विचारलं, "आजा, माझं काय?"

आजांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "बसशील."

बस्स. हिंदुराव तिथून जे सुटले ते पायथ्यालाच थांबले. बसशील! दुसरं काय? खुर्चीवर बसशील! दुसऱ्या दिवशी त्यांनी सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज भरला.

दोघंही पडले. गुलाल तिसऱ्यानंच उधळला, आणि मिरवणूक मुद्दाम खोचऱ्यांच्या दारावरून नेली. महिन्याभरात घराच्या मधोमध भिंत आली. दौलतराव भांडले नाहीत, एक वाईट शब्द काढला नाही. बोलणंच सोडलं. मागच्या मार्गशीर्षात ते गेले, तेव्हा हिंदुराव स्मशानात माणसांच्या मागं, बाभळीजवळ उभे होते. पाणी पाजायला पुढं या, असं कुणी म्हटलं नाही, आणि आपणहून जायचा धीर झाला नाही. ते दुःख त्यांना आतून पोखरत होतं. पण सांगायचं कुणाला?

पहिल्या पराभवानंतर त्यांनी अर्थ बदलला. बसशील म्हणजे खाली बसशील. पावसानं विहीर बसते, मंदीत धंदा बसतो, तसा. आजांनी बिचाऱ्यांनी सावध केलं होतं, आपणच कान उघडे ठेवले नाहीत. हा अर्थ दोनेक वर्षं टिकला. मग सोसायटीची निवडणूक लागली आणि त्यांच्या मनात आलं, की आजांनी साल कुठं सांगितलं होतं? बसशील म्हणाले. कधी, ते नाही म्हणाले. उभे राहिले. पडले. मग जिल्हा परिषद. मग कारखाना. दर वेळी उभे, दर वेळी आडवे. गावानं त्यांचं नाव 'उभे हिंदुराव' पाडलं. लग्नपत्रिकेत तेवढं छापायचं राहिलं होतं.

आता सरपंचकीची निवडणूक लागली होती. हिंदुरावांनी अर्ज भरला होता. आणि भिंतीपलीकडून दौलतरावांची सून वैजयंता, तिनंही भरला होता. आज माघारीचा दिवस.

"सकाळी ती माझ्या दारात आली, आजा," हिंदुराव सांगू लागले. "लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदा. डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी थांबली."

"मग?"

"म्हणाली, मामंजी, आपण दोघंही उभं राहिलो तर गुलाल तिसऱ्याचाच. एकदा झालंय, पुन्हा नको. दोघांतल्या एकानं बसायला पाहिजे. तुम्ही मला वडिलांच्या जागी. तीन वाजेपर्यंत मी कचेरीत तुमची वाट बघते. तुम्ही आला नाहीसा, तर मीच बसते."

आजांनी लोकरीतला एक काटा वेचून बाजूला टाकला.

"भांडली न्हाई?"

"नाही ना. भांडली असती तर बरं झालं असतं. मी चार शब्द ऐकवले असते. पाणी प्यायली आणि गेली. पण तिनं तो शब्द उच्चारला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. बसणं म्हणजे माघार घेणं. अर्ज काढून घेणं. निवडणुकीच्या धंद्यात आम्ही रोज बोलतो तो शब्द. अमका बसला, तमक्याला बसवला. आणि इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही."

"म्हंजे तीन झालं," आजा म्हणाले.

"तीन झाले. एक, खुर्चीवर बसशील. दोन, विहिरीसारखा खाली बसशील. तीन, अर्ज काढून बसशील. तिन्हींतला खरा कुठला, तेवढं सांगा. मी तसं वागतो."

"तिन्ही बरं हायत की."

"बरे काय, आजा? लिलाव चाललाय का? एक तरी खरा असेल ना?"

"तू कंचा धरलास?"

"तेच तर विचारायला आलोय."

आजांनी सुताचा गुंडा नीट केला.

खाली पायथ्याशी जीप उभी होती. हिंदुरावांची माणसं वर बघत बसली असणार. ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. तालुक्याची कचेरी जीपनं तासाभराची वाट. हिंदुरावांचे गुडघे चढानं ठणकत होते, पण बसायचं त्यांना भान नव्हतं.

"आणि ह्यातली मेख बघा," ते म्हणाले. "मी आज काहीच केलं नाही, इथंच तुमच्याजवळ टेकलो, तरी तीन वाजता ती अर्ज काढणार. बोलली म्हणजे करणार, दादाच्या घरातली आहे ती. मग राहिला तो तिसरा उमेदवार, तो माझ्यापुढं टिकत नाही. म्हणजे मी नुसता इथं बसलो, तरी तिथं खुर्चीवर बसलो. तुमचा पहिला अर्थ खरा. आणि खाली उतरून अर्ज काढला, तर तिसरा खरा. आणि गेलोच नाही, तीही ऐनवेळी चिडून बसलीच नाही, तर दोघंही पडणार, म्हणजे दुसरा खरा. काहीही झालं तरी तुमचं भाकीत खरंच होतंय. मग तुम्ही मला सांगितलं काय?"

"मला काय ठावं."

"तुम्हाला नाही ठाऊक, तर कुणाला?"

"तू अर्थ लावनारा."

हे बोलणं लागायला पाहिजे होतं, पण हिंदुरावांना ते कौतुक वाटलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग वाटलं, कौतुक नसावं. हात खाली घेतला.

"ती सून कशी हाय?" आजांनी विचारलं.

"वैजयंता? चांगली आहे. पाण्याची स्कीम इतकी वर्षं भिजत घोंगडं पडली होती, ती तिनं बायका घेऊन जाऊन मार्गी लावली. बाया तिच्या शब्दाबाहेर नाहीत. भाषण येत नाही, पण काम येतं. खरं सांगायचं, तर माझ्यापेक्षा..."

वाक्य तिथंच राहिलं. आजांनी ते पुरं करायला मदत केली नाही.

"पण मी एवढ्या वेळा उभा राहिलो, आजा," हिंदुरावांचा आवाज चिरकला. "भावाला पाडून सुरुवात केली. ती खुर्ची जर माझ्या नशिबातच नव्हती, तर मग दादाचं घर मी कशासाठी मोडलं? एकदा तरी बसू द्या की मला. निदान म्हणता तरी येईल, की शब्द खरा होता. उशिरा झाला, पण खरा होता."

आजांची चाती फिरत राहिली...

एवढ्यात देवळामागच्या पायवाटेनं गंगूआक्का आली. वाडीवरची म्हातारी, शेरडं राखणारी. कपाळावर घामाच्या धारा, हातात काठी. लिंबाखाली येऊन तिनं आजांना हात जोडले आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

आजांनी मान वर केली.

"बसशील?"

"न्हाई आजा. शेरडं फुडं गेल्यात," गंगूआक्का म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली.

आजांनी मान खाली घालून पुन्हा लोकर ओढली.

"तर मी काय म्हणत होतो," हिंदुराव बोलू लागले, "शब्द खरा की खोटा हा प्रश्नच नाही. तुमचा शब्द खोटा होत नाही, हे मी पन्नास माणसांत सांगितलंय. प्रश्न आहे तो..."

आणि ते थांबले.

वाटेकडं बघितलं. गंगूआक्का उतारावर दिसेनाशी होत होती. आजांकडं बघितलं. पुन्हा वाटेकडं.

"आजा, आत्ता तिला काय म्हणालात?"

"कुनाला?"

"गंगूआक्काला."

"काय म्हननार? उन्हातनं आली. जरा बसशील का, म्हनलं."

"का नाही म्हणालात. नुसतं बसशील म्हणालात."

"तिला कळलं की."

हिंदुरावांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"मी त्या दिवशी आलो, तेव्हा..."

"तू उभा हुतास?"

"उभा होतो."

"विलेक्शनला?"

"नाही हो. तेव्हा कुठला? नुसता उभा. पायांवर. इथंच, तुमच्यासमोर."

"ऊन हुतं?"

"रणरणत होतं."

"मग म्हनलं आसंल," आजा म्हणाले. "येईल त्याला म्हनतोच मी."

चाती गरगरत राहिली. लिंबाचा पाला हलत नव्हता. हिंदुरावांना आधी हसू आलं, मग तेच हसू डोळ्यांवाटे पाणी होऊन आलं.

"म्हणजे ते भाकीत नव्हतं?"

"मला आठवत न्हाई, बाबा. खोटं कशाला सांगू."

"आजा, असं म्हणू नका. असं म्हणून कसं चालेल? सगळी आयुष्याची इमारत त्यावर उभी केली मी." त्यांनी फेटा काढला, घाम पुसला, पुन्हा घालायचं विसरले. "बरं, माझं राहू द्या. मग बाकीच्यांचं काय? 'दोन दाढंत एक सुपारी.' ते तर भाकीतच होतं. दगडावरून बोलला होता. दोन पक्षांचं सरकार आलं की नाही?"

आजांनी बराच वेळ आठवलं.

"त्या साली दाढ लई दुखत हुती," ते म्हणाले.

"...आणि 'पोटातलं पाठीत'?"

"वायगोळा."

"चेअरमनला भाच्यानं पाडलं, आजा. अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं."

"पाडलं आसंल. कावळा बसायला आन फांदी तुटायला गाठ पडती, त्यात कावळ्याचं काय?"

"म्हणजे तुम्ही सगळ्यांना फसवलंत?"

आजा पहिल्यांदाच दुखावल्यासारखे दिसले.

"फसवलं कसं? दाढ खरीच दुखत हुती."

हिंदुरावांना आता काही समजेना. भाकितं खोटी म्हणावीत, तर त्यांतली खरी झालेली सगळ्यांनी बघितली होती. खरी म्हणावीत, तर समोर म्हातारा दाढेचं सांगत होता. हॉटेलातलं ते बाकडं, ती ठोकलेली मांडी, ऐकणाऱ्यांच्या अंगावरचा तो काटा... काटा तरी खरा होता ना? की तोही आपणच आणला होता? आणि आजा आज खरं बोलताहेत हे तरी कशावरून? इतकी वर्षं ज्याचे अर्थ लावले, त्या माणसाच्या साध्या बोलण्याचाही त्यांना आता भरवसा वाटेना.

"जाऊ द्या ते," ते शेवटी म्हणाले. "एक सांगा. बसशील का, असं जर तुम्ही मला विचारलं होतं, तर मी पळत सुटलो तेव्हा हाक का मारली नाही? हिंदुराव, अरे तसं नव्हे, असं का म्हणाला नाही? माझा भाऊ माझा राहिला असता. मी वाचलो असतो. एका हाकेचं काम होतं, आजा."

"तू थांबलास कुटं?"

"एक हाक..."

"मी इचारलं हुतं," आजा म्हणाले. "तू जबाब न देताच गेलास."

हिंदुराव हातातला फेटा नुसता चाळवत राहिले.

इतक्या वर्षांत त्यांनी तो शब्द उलटासुलटा करून बघितला होता. खुर्चीला लावून बघितला, विहिरीला लावून बघितला, नशिबाला लावून बघितला. आपल्याला काही विचारलं असेल आणि आपलं उत्तर द्यायचं राहिलं असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्या दिवशी हो म्हणून ते ह्या घोंगड्यावर घटकाभर बसले असते, पाणी प्यायले असते, तर ऊन उतरेपर्यंत मनातला किडाही कदाचित झोपला असता. कदाचित नसताही. पण कुणी सांगावं? आता ते सांगायला दादा नव्हता, आणि असता तरी त्यानं काय सांगितलं असतं?

पायथ्याशी जीपचा हॉर्न वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला. माणसं घाई करत होती.

तिकडं तालुक्याच्या कचेरीत, बाकांवर कार्यकर्ते पसरलेले असताना, ती पोर भिंतीशी पदर सावरून उभी असेल. तीन वाजायची आणि मामंजींच्या येण्याची वाट बघत. दरवाजाकडं बघत असेल, मग घड्याळाकडं बघत असेल. ते डोळ्यांपुढं आलं आणि हिंदुरावांना एकदम फार थकवा आला. एवढ्या निवडणुकांचा, एवढ्या पराभवांचा, भिंतीच्या अल्याड राहून पल्याडचं भांड्यांचं वाजणं ऐकण्याचा. अर्थ लावण्याचाही. पुरे झालं, असं त्यांना वाटलं. आता काय व्हायचं ते होऊ दे.

ते दोन पावलं पुढं आले. घोंगड्याच्या कडेशी पायताण काढलं. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, हळूहळू खाली टेकले. लोकर मऊ होती आणि सावली गार होती. पाठीतला ताण उतरला. इतकी वर्षं ह्या डोंगरावर येऊन आपण एकदाही बसलो नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि डोळे पुन्हा भरून आले.

"घ्या आजा," ते म्हणाले. "जबाब घ्या. बसलो. तुमच्यापुढं बसलो. आता मला कुठली खुर्ची नको, काही नको."

आजांनी चाती खाली ठेवली. हिंदुरावांच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग वाकून घोंगड्याचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि त्यांच्या बुडाखालून ओढायला सुरुवात केली.

"हितं न्हवं, हिंदुराव. कचेरीत जाऊन बस."